अंश आणि छेद

कॅल्शियमच्या गोळ्यांची नवी डबी उघडली की झाकणाखाली आणखी एक अडसर लागतो: डबीच्या तोंडावर ताणून चिकटवलेली चंदेरी पत्री. अंगठ्यानं दाबली की ती ‘टप्’ करून फाटते. छत्रपती संभाजीनगरात, वाळूज आणि चिकलठाण्याच्या पट्ट्यात औषधांचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे असल्या डब्यांचं आम्हाला अप्रूप नाही. पण ही पत्री घरोघर पोचण्यामागे सात माणसांचे मृत्यू आहेत हे समजल्यापासून ती फोडताना माझा अंगठा क्षणभर थबकतो.

सप्टेंबर १९८२ चा शेवट. अमेरिकेतल्या शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेतल्यावर काही दिवसांत सात जण दगावले. कॅप्सूलमध्ये सायनाइड होतं. विष भरलेल्या बाटल्या वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेल्या होत्या, मृत्यू मात्र एकाच भागातले. म्हणजे कुणीतरी दुकानातून बाटल्या उचलून, त्यात विष भरून, त्या पुन्हा फळीवर ठेवल्या असणार. तो कोण, हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. टायलेनॉल बनवणारी जॉन्सन अँड जॉन्सन ही कंपनी सहज म्हणू शकली असती, ‘आमच्या कारखान्यात काही चुकलेलं नाही.’ ते खरंही होतं.

शाळेतला अपूर्णांक आठवा: वर अंश, खाली छेद. इथे अंश सात आणि छेद तीन कोटींच्या वर. तेवढ्या बाटल्या बाजारात होत्या. भागाकार केला तर हाती जवळजवळ शून्य येतं. कंपनीचे प्रमुख जेम्स बर्क यांनी तो भागाकार लोकांपुढे मांडलाच नाही. त्यांनी जाहिराती थांबवल्या, लोकांसाठी फुकटच्या दूरध्वनी लाइन उघडल्या आणि देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च सुमारे १० कोटी डॉलर. नोव्हेंबरात औषध परत आलं ते तिहेरी बंदोबस्तात: डिंकानं चिकटवलेला खोका, मानेभोवती प्लास्टिकचं आवरण आणि तोंडावर पत्री. मला या गोष्टीचं नवल वाटतं ते इथे. कंपनीनं पत्रकं काढली, बर्क टीव्हीवर बोलले, ते सगळं विरून गेलं. पत्री मात्र अजून बोलते. ‘तुझ्याआधी इथे कुणाचा हात पोचलेला नाही’, एवढं एकच वाक्य, आणि ते डबी उघडणाऱ्या प्रत्येकाला स्वतः तपासून पाहता येतं.

आपल्याकडे असंच वाक्य लिहिलं गेलं ते चॉकलेटवर. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर. मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कच्या दोन वड्यांत अळ्या निघाल्याची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आली. कंपनीचं पहिलं म्हणणं होतं की दोष दुकानातल्या साठवणीचा. प्रशासनाचा सवाल होता, मग वेष्टन कशासाठी असतं? गंमत अशी की शिकागोतही दोष कारखान्याबाहेर, दुकानातच शिरला होता. फरक पडला तो पहिल्या वाक्यानं. एकानं आधी माल उचलला, दुसऱ्यानं आधी दुकानदाराकडे बोट दाखवलं. ऐन सणात विक्री सुमारे ३० टक्क्यांनी घसरल्याच्या बातम्या आल्या.

ज्यांचं बालपण त्याआधीचं आहे त्यांना जुनं वेष्टन आठवत असेल. जांभळ्या कागदाखाली नुसती दुमडलेली चांदी. ती नखानं घासून गुळगुळीत करायची आणि पुस्तकात ठेवायची. ती इतकी अलगद सुटायची, कारण ती कुठे चिकटवलेलीच नव्हती. आणि जिथून मुलाचं नख शिरतं, तिथून अळीही शिरते. मराठीत ‘छेद’ म्हणजे भोकही, आणि अपूर्णांकातली खालची संख्याही. त्या वर्षी कंपनीला दोन्ही छेद एकदम भेटले. लाखो वड्यांत दोन, हा हिशेब कुणीही ऐकून घेत नव्हतं, आणि खरं भोक वेष्टनाच्या घडीत होतं. कंपनीनं ‘विश्वास’ नावाची मोहीम काढून सुमारे १ लाख ९० हजार दुकानदारांना साठवणीचे धडे दिले, अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत आणलं. पण माझ्या मते खरं काम केलं ते जानेवारी २००४ मध्ये आलेल्या वेष्टनानं: उष्णतेनं सीलबंद केलेली चांदी आणि वर चहूबाजूंनी बंद प्लास्टिक. त्यासाठी सुमारे १५ कोटींची यंत्रं आणली गेली. काही महिन्यांत ग्राहक परतला.

जिथे अशी पत्री चिकटवता येत नाही, तिथलं गणित फार अवघड. त्याची दोन उदाहरणं आमच्याच शहरातली आहेत.

२०१६ चा उन्हाळा, मराठवाड्यात दुष्काळ. पैठणच्या जायकवाडी धरणात मृतसाठा उरला होता. हा शब्द जपून समजून घ्यावा असा आहे. मृतसाठा म्हणजे कोरडं धरण नव्हे. जायकवाडीच्या तळाशी तब्बल २६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं, पण ते नेहमीच्या दारांच्या पातळीखाली, त्यामुळे आपोआप वाहत येत नाही. पंपानं उपसावं लागतं. १२ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला पोचली, आणि सगळ्यांच्या नजरा इथल्या बिअरच्या कारखान्यांकडे वळल्या. एक लिटर बिअरमागे बाटल्या धुण्यापासून यंत्रं थंड करण्यापर्यंत चार-पाच लिटर पाणी लागतं. उद्योगांच्या बाजूनं हिशेब मांडला गेला, की धरणाच्या मानानं आमचा वाटा किरकोळ आहे. ७६ टीएमसीहून अधिक उपयुक्त साठ्याच्या धरणाशी भागलं तर तो किरकोळच. पण टँकरपुढे घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या हिशेबात धरण येतच नाही. तिचा छेद म्हणजे तिची घागर. हिशेब खरा होता, पण ज्या प्रश्नाला तो उत्तर म्हणून दिला गेला, तो प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता. अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्यनिर्मिती कारखान्यांचं पाणी ६० टक्के आणि इतर उद्योगांचं २५ टक्के कापायला सांगितलं.

चार वर्षांनी आकडे पुन्हा समोर आले, या वेळी आजाराचे. वाळूजचा बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि या शहराचा पोशिंदा बनला. जून २०२० च्या अखेरीस कंपनीनं जाहीर केलं, की इथल्या आठ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी १४० जणांना कोरोनाची लागण झाली आहे, दोघांचा मृत्यू झाला आहे, कारखाना मात्र चालू राहील. कंपनीनं आकडा लपवला नाही, हे तिच्या बाजूनं नोंदवलंच पाहिजे, कारण त्या दिवसांत अनेकांनी लपवला. कामगार संघटना कारखाना काही दिवस बंद ठेवा म्हणत होती. जुलैच्या सुरुवातीला बाधितांची संख्या २५० च्या पुढे गेली.

आठ हजारांत १४०, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. व्यवस्थापनाच्या टेबलावर हा अपूर्णांक लहान दिसतो, आणि त्या टेबलावरून शेकडो पुरवठादारांचे छोटे कारखाने, त्यांचे पगार, हप्तेही दिसतात. ती काळजी खोटी नव्हती. पण वाळूजच्या बजाजनगरातल्या दोन खोल्यांत चार माणसं राहतात. पाळी संपवून आलेला कामगार दाराबाहेरच कपडे काढून बादलीत टाकतो, आणि आत म्हातारी आई खोकली की सगळे एकमेकांकडे पाहतात. त्या घरातला छेद चार. तिथे एकाला लागण झाली म्हणजे पाव घर आजारी.

१० ते १८ जुलै शहर आणि वाळूज परिसरात कडक संचारबंदी लागली. ते नऊ दिवस निदान तो चाराचा छेद घरातच होता.