हॉटेलचं जुनं पोस्टकार्ड कसं वाचायचं?

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी आजच्या गप्पा लिहून देतोय.

पोस्टकार्ड म्हटलं की आपल्याला पोस्टातलं ते पिवळसर कार्ड आठवतं. आजचं कार्ड वेगळं आहे. अमेरिकेतली रेस्टॉरंट्स स्वतःचं रंगीत चित्र असलेली कार्डं छापून घ्यायची आणि जेवायला आलेल्यांना फुकट द्यायची. गिऱ्हाइकानं दोन ओळी खरडून ते घरी धाडलं, की जाहिरात दुसऱ्या गावात पोचली! आज लोक हीच कार्डं जमवतात.

कार्ड हातात आलं की आधी उलटं करा. मागे उभी रेघ आहे का? अमेरिकेत 1 मार्च 1907 पासून पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची परवानगी मिळाली. त्याआधी तिथे फक्त पत्ता. मग बोट फिरवा. कापडासारखं खरखरीत लागलं तर ते ‘लिनन’ कार्ड, साधारण 1930 ते 50 च्या दशकांतलं. शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीचं असेल तर त्यावरचा नंबर बघा. सुरुवातीला ‘5ए’ म्हणजे 1935, ‘2बी’ म्हणजे 1942. पत्त्यात झिप कोड दिसला, तर ते 1963 किंवा त्यानंतर पाठवलंय. लक्षात ठेवा, नंबर छपाईचं साल सांगतो आणि शिक्का पाठवल्याची तारीख. दोन्हींत बरीच वर्षं जाऊ शकतात.

आता पुढची बाजू. इथे जरा सावध! लिनन कार्डांसाठी मूळ फोटो बहुतेकदा कृष्णधवल असायचा. रंग छापखान्यात भरले जायचे, विजेचे खांब आणि तारा पुसल्या जायच्या. म्हणजे ते निळंशार आकाश पुरावा नव्हे, जाहिरात आहे.

आणखी एक गोष्ट बघा. कित्येक कार्डांत टेबलं मांडलेली असतात, पण माणूस एकही नाही. मग तिथे बसायचं कोण? दक्षिणेकडच्या राज्यांत अनेक रेस्टॉरंट्स कृष्णवर्णीयांना आत बसू देत नव्हती. कायद्यानं हे थांबलं ते 1964 मध्ये. म्हणून व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल वाटणाऱ्या माणसानं 1936 पासून ‘ग्रीन बुक’ काढलं. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे जेवण आणि मुक्काम मिळेल, याची ती यादी होती.

तिचे बरेच अंक न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या साइटवर फुकट वाचता येतात. कार्डावरचं गाव त्यात शोधा. कार्डावरचं रेस्टॉरंट त्या यादीत आहे का? नसेल तर तेवढ्यावरून निकाल देऊ नका, पण प्रश्न तर पडेल. चकचकीत चित्र बघून तो सहसा पडत नाही.

आणि हो, तिकीट सोलून काढू नका, मागचा मजकूर पुसू नका. खरी गोष्ट बऱ्याचदा तिथेच असते.

चला, भेटू पुढच्या भागात!