तपासणी दोघांची

पोर्तुगीज अमदानीत, १८८० साली, गोव्यातील हिंदूंच्या रूढी-रिवाजांची एक संहिता सरकारी हुकुमाने जारी झाली. पहिली पत्नी हयात असताना पुरुषाला दुसरी बायको केव्हा करता येईल, याची कारणे तिच्यात नमूद केली होती. पत्नीच्या वयाची २५ वर्षे पुरी होईपर्यंत तिला मूलच झाले नाही, हे त्यांतले एक. ३० वर्षे पुरी होऊनही पुत्र झाला नाही, हे दुसरे. मूल न होण्याचे कारण पतीच्या ठायी असू शकेल, ही शंका त्या कलमांच्या कर्त्यांना शिवलेली दिसत नाही. हुकूम परक्यांचा होता. रिवाज मात्र आमचा होता, हे विसरून चालणार नाही.

त्या कलमांचा आधार घेऊन दुसरे लग्न करणारा आज विरळाच. परंतु त्यांच्यामागची मनोवृत्ती अजून आमच्या माजघरात ठाण मांडून बसली आहे. लग्नाला दोन वर्षे लोटली आणि पाळणा हलला नाही की साऱ्या नजरा सुनेकडे वळतात. तिच्यासाठी देवाला कौल लावला जातो, नवस बोलले जातात, घाड्याचा उंबरठा झिजवला जातो. शेजारच्या डोहाळजेवणाला तिला बोलावणे टाळले जाते. शेवटी डॉक्टरांकडे जाण्याची वेळ येते तेव्हाही जाते ती एकटीच. रक्त तिचे तपासले जाते, सोनोग्राफी तिची होते, प्रसंगी पोटात दुर्बीण घालण्याची शस्त्रक्रियाही तिच्यावरच होते. आणि पतिराजांची एक साधी, वेदनारहित तपासणी तेवढी राहून गेलेली असते.

शास्त्र काय सांगते? गर्भनिरोधक साधने न वापरता वर्षभर नियमित शरीरसंबंध राहूनही गर्भधारणा झाली नाही, तर त्या स्थितीस जागतिक आरोग्य संघटना वंध्यत्व म्हणते. जगातील सुमारे सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो, असे त्याच संघटनेने २०२३ साली जाहीर केले. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा, स्वतंत्रपणे वा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, वाटा असतो. तेव्हा अर्ध्याच जोडप्याची तपासणी म्हणजे एका डोळ्यावर हात ठेवून वाट शोधण्यासारखे होय.

पुरुषाची पहिली तपासणी वीर्याची. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावयाचा, एवढाच तिचा खटाटोप. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, ही २०२१ च्या जागतिक निकषांतील खालची मर्यादा. संख्या त्याहून कमी आढळली म्हणजे आशा संपली असे मुळीच नाही. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला तरी संख्या घटते, म्हणून काही काळाने फेरतपासणी करावी लागते. अंडकोशातील फुगलेल्या शिरा, संप्रेरकांचे बिघाड, तंबाखू, मद्य अशी कारणे सापडतात व त्यांतील कित्येकांवर इलाजही आहेत. या तपासणीस पुरुष कचरतो, कारण तो पौरुष आणि प्रजननक्षमता यांची गल्लत करतो. संसारसुखात काहीही उणे नसलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू नसू शकतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

स्त्रीच्या बाबतीत प्रश्न तीन. बीज वेळेवर सुटते काय? पाळी अपेक्षित असण्याच्या सुमारे सात दिवस आधी रक्तातील प्रोजेस्टेरॉन पाहून ते कळते. थायरॉईड व प्रोलॅक्टिन या संप्रेरकांचीही गरजेनुसार चौकशी होते. गर्भनलिका मोकळ्या आहेत काय? रंगद्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रात ते दिसते. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षय, खोकल्याचा मागमूसही नसताना, या नलिका चोरपावलांनी बंद करतो. आणि गर्भाशय निर्दोष आहे काय? हे सोनोग्राफी सांगते. एवढे करूनही काही जोडप्यांत कारण सापडत नाही. तोही निदानाचाच एक प्रकार मानावा, शाप नव्हे.

खरा शत्रू आहे तो कालापव्यय. स्त्रीचे वय ३५ वर्षांपुढे असेल तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांतच तपासणीस लागावे, असे तज्ज्ञ सांगतात. नवससायासांत आणि पतीच्या संकोचात गेलेली वर्षे कोणताही डॉक्टर परत देऊ शकत नाही. जाहिरातींना भुलून थेट नळीतील गर्भधारणेकडे धावणेही शहाणपणाचे नव्हे. आधी निदान, मग उपचार. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आहे, ती पाहूनच पाऊल टाकावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली अशा उपचारांची विनामूल्य सोय सुरू झाली, हे स्वागतार्हच. तेथे येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला 'यजमान कुठे आहेत?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला जावा.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून कामजीवनाविषयी मोकळेपणाने लिहावयास आरंभ केला आणि त्यापायी खटले सोसले. त्याला शतक होत आले, तरी आमच्या घरांतील मौन सुटलेले नाही. परंपरेचीच साक्ष हवी असेल, तर पुत्र नसल्याचे शल्य दशरथाने राण्यांच्या माथी मारले नाही. यज्ञाला तो स्वतः बसला. आजच्या यजमानांनी डॉक्टरांच्या दारापर्यंत पत्नीसोबत चालत जावे, एवढीच अपेक्षा आहे. आणि सासूबाईंनी सुनेला बोल लावण्यापूर्वी मुलाचा तपासणी-अहवाल मागावा.