डाख, झाळ आणि टाका : जुन्या मोटारीच्या दुरुस्तीची परिभाषा

जुन्या मोटारीच्या गंजलेल्या पत्र्याला घरच्या घरी जोड देणे हे वरवर पाहता केवळ हातकौशल्याचे काम वाटते. परंतु त्या कामाची परिभाषा पाहू लागल्यास तीत धातुकामातील एक मूलभूत भेद जपलेला आढळतो. आणि तो भेद विसरला गेल्यास केवळ भाषेचीच नव्हे, तर जीविताचीही हानी संभवते.

नांदेड व लातूर या भागांत या परिभाषेचे तीन थर एकत्र आले आहेत. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असून राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. कारखान्यातील कुशल कारागीर आजही 'मिस्त्री' या नावानेच ओळखला जातो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत याच विद्येच्या अभ्यासक्रमाला 'संधाता' हे संस्कृतोद्भव नाव मिळाले. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र 'वेल्डिंग' हा एकच शब्द सर्व प्रकारच्या जोडांना लावण्याची प्रवृत्ती दिसते. गोंधळाचे मूळ येथेच आहे.

मराठीत या क्रियांना पूर्वापार स्वतंत्र नावे आहेत. कथील-शिशासारखा मऊ धातू ४५० अंश सेल्सिअसच्या आत वितळवून दिलेला जोड तो डाख. त्याहून अधिक उष्णतेला पितळेसारखा धातू वितळवून दिलेला जोड ती झाळ. झाळकामात पृष्ठभाग स्वच्छ राहावा म्हणून टाकणखार वापरतात. या दोन्ही क्रियांत मूळ पत्रा वितळत नाही. मधला धातू त्याला चिकटून राहतो. वेल्डिंगमध्ये मात्र मूळ पत्र्याच्या कडाच सुमारे १,५०० अंशांवर वितळून एकजीव होतात. 'वितळजोडकाम' हा मराठी पर्याय या दृष्टीने 'संधाता'मधील संधानापेक्षा अधिक अर्थवाही आहे.

हा भेद मोटारीत निर्णायक ठरतो. मुंबईत कुर्ला येथे पूर्वी तयार होत असलेल्या फियाट ११०० आणि तिचेच पुढील रूप असलेल्या पद्मिनी या गाड्यांना निराळी चौकट नाही. सांगाडा आणि तळाचा पत्रा यांनीच सर्व भार पेलावयाचा असतो. दाराखालच्या पोकळ पट्टीत पाणी व माती साचून ती आतून गंजते. तेथे डाख भरून वर रंग दिला, तर गाडी दिसण्यात नवी होते, परंतु भार पेलण्यास असमर्थ राहते. बाहेरील पत्र्यावरचा उथळ खळगा भरण्यासाठी मात्र तोच डाख योग्य होय.

पत्र्याची जाडी सामान्यतः एक मिलिमीटरच्या आसपास असल्याने सलग जोड दिल्यास पत्रा तापून वाकतो किंवा त्याला भोक पडते. म्हणून गंजलेला भाग निकोप पत्र्यापर्यंत कापून, कागदी नमुन्यावरून ठिगळ बेतून, प्रथम दूरदूरचे टाके मारावे लागतात. ते थंड होऊ देऊन मधल्या जागा आळीपाळीने भराव्या लागतात. येथे शिवणकामातून आलेला 'टाका' हा शब्द क्रियेचा क्रमच सांगतो : शिंपीही आधी कच्चे टाके घालतो, मग पक्की शिवण. कामापूर्वी बॅटरीची जोडणी सोडावी, आतील अस्तर काढावे आणि पाणी व वाळू जवळ ठेवावी. पेट्रोलच्या टाकीला मात्र घरी कोणताही जोड देऊ नये. रिकाम्या टाकीतील वाफही स्फोटास पुरेशी असते.

परिभाषा घडविणारास यातून घेण्याजोगा बोध स्पष्ट आहे. नवा शब्द घडविण्यापूर्वी प्रचलित शब्दांनी कोणता भेद सांभाळला आहे, हे पाहिले पाहिजे. 'वेल्डिंग' हा शब्द मराठीत रुळला आहे व तो राहण्यास हरकत नाही. मात्र त्याने डाख आणि झाळ यांची जागा घेता कामा नये. कारण मिस्त्रीकडे कोणता जोड मागितला, यावर गाडीत बसणाऱ्याची सुरक्षितता अवलंबून असते.