टेल्स फ्रॉम द क्रिप्ट (चित्रपट)

टेल्स फ्रॉम द क्रिप्ट हा १९७२ साली प्रदर्शित झालेला ब्रिटिश भयपट आहे. ॲमिकस प्रॉडक्शन्सच्या या चित्रपटाचे दिग्दर्शन फ्रेडी फ्रान्सिस यांनी केले असून पटकथा सहनिर्माते मिल्टन सुबॉट्स्की यांची आहे.

पार्श्वभूमी

चित्रपटातील पाचही कथा ईसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या १९५० च्या दशकातील भयचित्रकथांवर आधारित आहेत. या चित्रकथा मुलांना बिघडवतात, असा आक्षेप तेव्हा घेतला जात असे. १९५४ मधील सेनेट उपसमितीच्या सुनावणीनंतर प्रकाशकांनी आचारसंहिता स्वीकारली आणि ही नियतकालिके बंद पडली. ब्रिटनमध्ये १९५५ साली अशा प्रकाशनांवर कायद्याने बंदी आली. त्याच देशात १७ वर्षांनी त्या कथा पडद्यावर आल्या.

कथानक

भुयारी दफनभूमीत वाट चुकलेल्या पाच जणांना एक गूढ वृद्ध (राल्फ रिचर्डसन) भेटतो आणि प्रत्येकाला त्याची कथा दाखवतो. एक स्त्री (जोन कॉलिन्स) नाताळच्या आदल्या रात्री पतीचा खून करते. एक तरुण आर्थर ग्रिम्सडाइक (पीटर कुशिंग) या गरीब वृद्ध शेजाऱ्याचा छळ करून त्याला आत्महत्येस प्रवृत्त करतो. अंधाश्रमाचा नवा अधीक्षक स्वतः चैनीत राहून आश्रमवासीयांचे अन्न व ऊब तोडतो. मुलांना बिघडवणाऱ्या ठरवलेल्या या कथांत अपराधी मात्र शिक्षेतून सुटत नाही: ग्रिम्सडाइक वर्षभराने थडग्यातून परततो आणि अधीक्षकाचा सूड आश्रमवासीच घेतात.

उत्तरप्रभाव

१९७३ साली याच संस्थेने ईसीच्याच कथांवर द व्हॉल्ट ऑफ हॉरर हा चित्रपट काढला. १९८९ मध्ये याच नावाची अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तीत नाताळची कथा रॉबर्ट झेमेकिस यांनी पुन्हा चित्रित केली.