एकाच लिबसीचा आग्रह

डेबियनमधल्या क्रॉस-कम्पायलरचा, म्हणजे एका यंत्रावर बसून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम बांधणाऱ्या कम्पायलरचा, आढावा घ्यायचा, तर सुरुवातीची वर्षं चार ओळींत उरकतात. आर्मच्या बोर्डासाठी प्रोग्रॅम हवा असणारा माणूस जीसीसीचा सोर्स उतरवून आपल्यापुरता कम्पायलर बांधी, नाहीतर बोर्ड विकणाऱ्याने दिलेला तयार गठ्ठा वापरी. असाच एक गठ्ठा मी एका कामासाठी घेतला होता. त्यातली लिबसी, म्हणजे सीची पायाभूत लायब्ररी, बोर्डावरच्या लिबसीपेक्षा नवी होती, आणि बांधलेला प्रोग्रॅम बोर्डावर सुरूच होईना. टूलचेन आणि सिस्टिम एकाच सोर्समधून यावी, हा माझा आग्रह तेव्हापासूनचा.

खरी रंगत आहे ती पायरीपायरीने होणाऱ्या बांधणीत. आधी बायनयुटिल्स, म्हणजे असेंबलर आणि लिंकर. मग कर्नलचे हेडर. पुढे पेच येतो: पूर्ण जीसीसीला लिबसी लागते आणि लिबसी बांधायला जीसीसी. म्हणून आधी फक्त सी जाणणारा, लिबसीविना चालणारा अर्धा जीसीसी उभा करायचा, त्याच्याकडून लिबसी बांधून घ्यायची आणि तिच्या आधारावर सी-प्लस-प्लससकट पूर्ण जीसीसी बांधायचा. हे ज्याने एकदा स्वतः केलं, त्याला लिंकरची तक्रार वाचून दोष कुठल्या पायरीवरचा ते ओळखता येतं.

डेबियनच्या एम्बेडेड उपप्रकल्पातल्या, म्हणजे एम्डेबियनच्या, मंडळींनी ही विद्या पॅकेजांत बसवली. त्या काळी डीपीकेजी-क्रॉस हे साधन आर्मच्या लायब्ररीचं पॅकेज उलगडून, त्यातले मार्ग बदलून, नावाला क्रॉसची शेपटी लावून पुन्हा बांधत असे. २०१३ च्या व्हीझी या डेबियन आवृत्तीत मल्टीआर्च आलं, प्रत्येक आर्किटेक्चरच्या लायब्ररीला स्वतःची डिरेक्टरी मिळाली आणि आर्मची मूळ लिबसी इंटेलच्या यंत्रावर जशीच्या तशी बसू लागली. मग क्रॉस-कम्पायलरनेही तीच वापरावी, वेगळी प्रत कशाला? हा वाद तांत्रिक समितीपर्यंत गेला. समोरच्यांचं म्हणणं असं की, मल्टीआर्चला दोन्ही आर्किटेक्चरच्या पॅकेजांची आवृत्ती तंतोतंत एक लागते. एक जरी मागे पडलं तरी कम्पायलर बसत नाही. मुद्दा खरा, पण तो अनस्टेबल या सतत बदलत्या शाखेतल्या धावपळीचा. स्टेबलमध्ये आवृत्त्या जुळलेल्याच असतात. चार दिवसांच्या अडचणीसाठी कायमची दुसरी प्रत पत्करणं मला आजही पटत नाही.

२०१७ च्या स्ट्रेचमध्ये क्रॉस-कम्पायलर मुख्य संग्रहात आले, ते दुसऱ्या प्रतीसकटच. मात्र मूळ जीसीसीच्या सोर्स-पॅकेजमधूनच ते बांधले जाऊ लागले. तेच पॅच, तीच आवृत्ती. माझा अर्धा आग्रह तिथे फळाला आला. पुढची वर्षं फक्त आवृत्तीचे आकडे बदलण्याची. रिस्क-व्ही २०२५ च्या ट्रिक्सीत दाखल झालं, ही त्यातली मोठी घटना. नव्या आर्किटेक्चरवर चालणारं काहीच नसताना पहिला कम्पायलर दुसऱ्या यंत्रावरच बांधावा लागतो, हे त्याने पुन्हा दाखवून दिलं.

आणि आज? तयार कंटेनर इमेज ओढायची आणि कामाला लागायचं. आत कोणती लिबसी आहे, कोणी बांधली, पुन्हा बांधता येईल का, हे विचारायला कुणाला सवड नाही. ‘चालतंय ना?’ असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे: चालेनासं होईल त्या दिवशी दुरुस्तीला सोर्स लागेल आणि तो वाचणारा माणूसही. तो घडवायचा असेल, तर टूलचेनच्या साऱ्या पायऱ्या शिकणाऱ्याकडून एकदा हाताने करून घ्या.