पायांनी वाचावयाची लिपी

डोळस मनुष्य रस्त्याने जाताना पादपथाची कड, पायरी, खांब इत्यादी गोष्टी दुरूनच हेरतो. अंध मनुष्याला हीच माहिती पांढऱ्या काठीचे टोक आणि पायाचे तळवे यांच्याद्वारे मिळवावी लागते. त्यासाठी फरशीवरच उंचवटे उमटवावेत, ही कल्पना जपानमधील ओकायामा येथील सेइइची मियाके यांनी १९६५ साली प्रत्यक्षात आणली. तेथील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर १८ मार्च १९६७ रोजी अशा फरश्या प्रथम बसविण्यात आल्या.

या लिपीत मुख्य अक्षरे दोनच. पायाखाली लांबट, समांतर पट्ट्या लागल्या, तर त्यांच्या दिशेने पुढे जावे. गोल उंचवटे लागले, तर थांबावे, कारण पुढे जिना, रस्ता किंवा वळण आहे. जपानच्या २००१ सालच्या प्रमाणानुसार उंचवट्यांची उंची ५ मिलिमीटर असते. ती फार कमी असल्यास बुटाच्या तळातून जाणवत नाही. फार अधिक असल्यास वृद्धांचा पाय अडखळतो व चाकाच्या खुर्चीला हादरे बसतात. रंग बहुधा पिवळा असतो, कारण अंध म्हणून गणल्या जाणाऱ्या पुष्कळांना अल्पशी दृष्टी असते व त्यांना तो ठळक दिसतो.

अक्षर चुकले की अर्थही चुकतो. आपल्या देशात काही पादपथांवर पट्ट्या सरळ झाडाच्या बुंध्याशी जाऊन संपतात, तर काही ठिकाणी गवंड्याने पट्ट्यांच्या जागी गोल उंचवट्यांच्या फरश्या बसविलेल्या असतात. डोळस मनुष्याला यात वावगे काहीच दिसत नाही! मोटारसायकल उभी करण्यासही त्याला तीच जागा सोयीची वाटते.

सर्वांत कठीण प्रश्न रेल्वेच्या फलाटावर उद्भवतो. कडेपासून थोड्या अंतरावर गोल उंचवट्यांची रांग असते. परंतु गर्दीत धक्का लागून मनुष्य एकदा गोल फिरला, की रांग पायाखाली असूनही रूळ कोणत्या बाजूस आहेत हे त्याला कळत नाही. गोल उंचवटे दोन्ही बाजूंनी सारखेच लागतात. म्हणून जपानमध्ये या रांगेच्या आतल्या अंगास, म्हणजे रुळांच्या विरुद्ध बाजूस, एक लांब उभार पट्टी जोडण्यात आली. काठीने ती चाचपून तिच्या बाजूस पाऊल टाकले, की मनुष्य रुळांपासून दूर जातो.