रॅममधली डिस्क: चपळ, पण विसराळू

जुना संगणक 'स्लो' झाला की जाणकार मंडळी जे उपाय सुचवतात, त्यात एक नाव अधूनमधून येते: रॅम डिस्क. रॅमचा थोडा भाग बाजूला काढायचा आणि ती एक ड्राइव्हच आहे असे संगणकाला भासवायचे. सी आणि डीच्या शेजारी आणखी एक अक्षर दिसू लागते. कल्पना जुनीच, १९८४च्या डॉस ३.० मध्येही ही सोय होती.

वेगाचा फरक मात्र खरोखर थक्क करणारा आहे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते. हवी ती जागा वाचणाऱ्या काट्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून जास्त वेळ, नुसता वाट पाहण्यात जातो. रॅममध्ये काहीच फिरत नाही. तिथली माहिती साधारण १०० नॅनोसेकंदांत हाती येते. म्हणजे त्या वेळेचा चाळीस हजारावा भाग!

मग सगळ्या फाइली तिथेच का ठेवू नयेत? कारण रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार, आणि तो सतत गळत असतो. म्हणून तो साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. लाइट गेली की भरणे थांबते आणि सगळे पुसले जाते. संगणक रिस्टार्ट केला तरी तेच. मुलांचा प्रोजेक्ट किंवा दुकानाचा हिशेब इथे ठेवणे म्हणजे पाटीवर खडूने लिहून ती पावसात ठेवण्यासारखे.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. विंडोज आणि लिनक्स रिकामी रॅम आधीच वापरत असतात. एकदा उघडलेली मोठी फाइल लगेच पुन्हा उघडून पाहा, ती झटकन उघडेल, कारण तिची प्रत रॅममध्ये राहिलेली असते. त्यामुळे घरगुती कामात रॅम डिस्कचा फायदा वाटतो त्याहून कमीच. उलट ८ जीबीपैकी ६ जीबी रॅम आधीच भरलेली असताना २ जीबीची डिस्क केली, तर रॅम अपुरी पडते, संगणक हार्ड डिस्कचा आधार घेतो आणि आणखी रखडतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' किती भरली आहे ते आधी पाहावे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे बहुतेकांसाठी जास्त शहाणपणाचे.

हजारो छोट्या तात्पुरत्या फाइली तयार करून टाकून देणारी कामे असतील, तर रॅम डिस्क शोभते. प्रोग्रॅम कंपाइल करणे हे त्यातलेच एक. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर मेमरी कार्ड लवकर झिजू नये म्हणून नोंदींच्या फाइली रॅममध्ये ठेवतात, तेही योग्यच.

काही सॉफ्टवेअर शटडाउनच्या वेळी रॅम डिस्कची प्रत हार्ड डिस्कवर उतरवून ठेवतात. पण त्यासाठी रीतसर शटडाउन व्हावे लागते. अचानक गेलेली लाइट तेवढी उसंत देत नाही.